आरसी गाडीच्या पिनियन-स्परचं माप कसं ओळखायचं?

खटपट्या (धागाकर्ता)

मित्राकडून एक जुनी आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी हाती आली आहे. १/१० मापाची, रस्त्यावर पळवायची, पुढची-मागची चाकं मधल्या लांब शाफ्टने जोडलेली. पुस्तिका नाही, खोकं नाही. सोबतच्या डबीत सुटी पिनियन (मोटरच्या शाफ्टवर बसणारी छोटी दातेरी चाकं) मात्र मूठभर आहेत. मोटरवरच्या पिनियनचे दाते झिजून टोकदार झालेत, ते बदलायचंय. डबीतलं एक लावून बघितलं तर असा काही आवाज आला की थ्रॉटलवरचं बोट आपोआप सुटलं.

कुठल्याच गिअरवर धड काही लिहिलेलं नाही. एकावर नुसतं "२०" कोरलंय. वाचायला गेलो तर कुणी ४८ पिच म्हणतं, कुणी ०.६ मॉड्यूल, कुणी नुसतंच "एम१". या आकड्यांचा एकमेकांशी काय संबंध? आणि माझ्या गाडीला कुठलं माप लागतं हे घरच्या घरी ठरवता येईल का? डिजिटल कॅलिपर आहे माझ्याकडे.

धुरळा

डबीतली सगळी एकेक करून लावून बघा, जे आवाज करणार नाही ते तुमचं. :)

व्हर्नियरवाला

धुरळा, अरे त्यांचा स्पर (पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक) प्लास्टिकचा असणार आणि पिनियन पोलादी. या प्रयोगात आधी कोण सोलून निघेल ते तुला माहीत आहे.

खटपट्या, कॅलिपर आहे तर अंदाजाची गरजच नाही. आधी ते आकडे.

दात्यांचं माप सांगायच्या दोन पद्धती आहेत. इंची पद्धतीत पिच सांगतात: पिच-व्यासाच्या दर इंचामागे किती दाते. त्यामुळे आकडा मोठा तितका दात बारीक. ६४ पिच नाजूक, ३२ पिच दणकट. मेट्रिक पद्धतीत मॉड्यूल सांगतात: पिच-व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दात्यांच्या संख्येने भागायचा. इथे आकडा मोठा तितका दातही मोठा. एकातून दुसऱ्यात जायचं तर २५.४ ला त्या आकड्याने भागा, बस्स. ४८ पिच म्हणजे ०.५२९ मॉड्यूल, ३२ पिच म्हणजे ०.७९४, ६४ पिच म्हणजे ०.३९७. आणि "एम१" म्हणजे सरळ १ मॉड्यूल.

आता मोजायचं कसं? पिच-व्यास हा दाताच्या साधारण मध्यातून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा, त्याला कॅलिपर लागत नाही. लागतो तो बाहेरच्या व्यासाला. साध्या गिअरमध्ये त्या वर्तुळाच्या वर दाताची उंची एक मॉड्यूल असते, दोन्ही बाजूंची मिळून दोन. म्हणून:

मॉड्यूल = बाहेरचा व्यास (मिमी) ÷ (दाते + २)

हे एकच सूत्र पाठ करा. उदाहरणार्थ २० दात्यांचं पिनियन घ्या. ६४ पिच असेल तर बाहेरचा व्यास ८.७ मिमी येईल, ४८ पिच असेल तर ११.६, ०.६ मॉड्यूलला १३.२, ३२ पिचला १७.५, ०.८ मॉड्यूलला १७.६ आणि १ मॉड्यूलला चक्क २२ मिमी. म्हणजे बहुतेक वेळा उत्तर इतकं लांब-लांब पडतं की साध्या पट्टीनेही कळेल.

सुरुवात पिनियनपासून करू नका, स्परपासून करा. तो मोठा असल्याने मोजण्यातली चूक जास्त दात्यांत वाटली जाते. शिवाय पिनियन बदलत राहतं, गाडीचं माप स्परच सांगतो. दाते मोजताना एका दातावर मार्करने खूण करा, नाहीतर साठच्या पुढे हमखास गोंधळ होतो. मी तर फोटो काढून पडद्यावर मोठा करून मोजतो.

निवांत नट

+१. एक भर घालतो: दात्यांची संख्या विषम असेल तर एका दाताच्या बरोबर समोर खाच येते. कॅलिपरचा एक जबडा एका टोकावर आणि दुसरा दोन टोकांवर टेकतो, आणि माप किंचित कमी दिसतं. १९ दात्यांना फरक पाऊण टक्क्याच्या आतच असतो, सोडून द्या. ११ दात्यांना मात्र दोन टक्क्यांपर्यंत जातो.

खटपट्या

धन्यवाद मंडळी. मोजलं सगळं.

स्पर: ७० दाते, बाहेरचा व्यास ४३.१ मिमी.

डबीतली पिनियन:
अ) "२०" कोरलेलं, दाते २०, व्यास ११.६
आ) दाते २२, व्यास १४.४
इ) दाते १५, व्यास १३.५
ई) अगदी चिमुकलं, दाते १२, व्यास ७.३

लावून बघितलं होतं ते "अ".

व्हर्नियरवाला

झालं की मग. ४३.१ ला ७२ ने भागा: ०.५९९. तुमचा स्पर ०.६ मॉड्यूलचा. हाच ४८ पिचचा असता तर व्यास ३८ च्या आसपास आला असता, म्हणजे संशयाला जागाच नाही.

"अ" चे ११.६ भागिले २२ म्हणजे ०.५२७, हे ४८ पिच. ०.६ वर ४८ लावलं तर पहिला दात व्यवस्थित बसतो, दुसरा अडखळतो, तिसऱ्याला चढाओढ. तुम्ही ऐकलात तो आवाज तोच.

"आ" चे १४.४ भागिले २४ म्हणजे नेमके ०.६. हे तुमचं.

"इ" चे १३.५ भागिले १७ म्हणजे ०.७९४. हे ३२ पिच किंवा ०.८ मॉड्यूल, तुमच्या कामाचं नाही.

"ई" वर घाईने शिक्का मारत नाही. त्याचं भोक किती मिमीचं आहे ते सांगा.

रच्याकने, १/१० ची शाफ्टवाली गाडी, ०.६ मॉड्यूल, ७० चा स्पर आणि डबीत २२ चं पिनियन. हा सगळा संच तामियाच्या टीटी-०२ चा आहे. तिची मूळ जोडी ७०/२२ च असते. प्लास्टिकच्या चेसिसच्या तळाशी आणि सुट्या भागांवर कंपनीचं नाव ठशातच उमटवलेलं असतं, उलटी करून बघा.

खटपट्या

तळाशी तामिया आहे! आणि "ई" चं भोक २ मिमी. बाकी तिन्हींचं ३.१७.

उडता टायर

माझा अनुभव असा की नुसतं गाडीचं नाव सांगून गिअर मागवू नये. ट्रॅक्ससची टू-व्हील ड्राइव्ह स्लॅश ४८ पिचवर चालते, ८६ दात्यांचा स्पर. तीच स्लॅश ४×४ घेतली तर ५४ दात्यांचा स्पर, आणि त्याच्या पाकिटावर लिहितात ०.८ मेट्रिक पिच, ३२ पिचशी जुळणारा. नाव एक, बाह्यरूप जवळपास एक, आणि गिअर एकमेकांना अजिबात लागत नाहीत.

त्यावरून माझा जुना प्रश्न पुढे रेटतो. हे "जुळणारा" प्रकरण खरं किती? ०.७९४ आणि ०.८ या दोन वेगळ्या संख्या आहेत ना?

धुरळा

बिनधास्त लाव. मी ०.८ च्या स्परवर ३२ पिचची पिनियन कायम वापरतो. आणि खरं सांगायचं तर ०.५ आणि ४८ सुद्धा चालतं, छोट्या गाड्यांत लावलंय मी. हातात धरलं तर फरक दिसतही नाही.

चक्रधारिणी

धुरळा, पहिल्या वाक्याला माझा दुजोरा, दुसऱ्याला कडाडून विरोध. गिअर डिझाइनचं थोडं काम केलंय म्हणून सविस्तर लिहिते.

दोन गिअर जुळतात की नाही हे ठरतं एका दातापासून पुढच्या दातापर्यंतच्या अंतरावर. पिच-वर्तुळावर मोजलं तर ते अंतर म्हणजे मॉड्यूल गुणिले पाय (π). आकडे काढू:

०.८ मॉड्यूल: २.५१३ मिमी
३२ पिच: २.४९४ मिमी
०.६ मॉड्यूल: १.८८५ मिमी
४८ पिच: १.६६२ मिमी
०.५ मॉड्यूल: १.५७१ मिमी

०.८ आणि ३२ यांच्यात दर दातामागे फरक ०.०२ मिमीचा. आता हे लक्षात घ्या की पिनियन आणि स्पर फिरताना एका वेळी फार तर दोन दातांच्या जोड्या एकमेकांना टेकलेल्या असतात, बराच वेळ तर एकच. फिरत जाईल तसा पुढचा दात नव्याने सुरुवात करतो, त्यामुळे फरक साठत जात नाही. २ शतांश मिमी म्हणजे आपण मेश (दोन गिअरच्या दातांची एकमेकांतली बसणी) लावताना मुद्दाम ठेवतो त्या फटीच्या कितीतरी आत. प्लास्टिकचा स्पर साच्यातून निघताना इतका इकडे-तिकडे असतोच. म्हणून ही जोडी चालते. ६४ पिच आणि ०.४ मॉड्यूल यांचंही गणित असंच, शेकडा फरक तोच, पाऊण टक्क्याच्या जरासा वर.

४८ आणि ०.५ ची कथा निराळी. फरक ०.०९ मिमी, शेकडा साडेपाचच्या वर. एक दात अजून पुरता सुटलेला नसतो तोवर पुढचा भलत्या जागी येऊन आदळतो. फट वाढवून ठेवली तर फिरेल, नाही असं नाही, पण मग दात टोकाशी टोक लावून भार घेतो. हलक्या गाडीत, लहान मोटरवर दिवस ढकलता येतात. तुमच्याकडे चाललं असेल तर ते म्हणूनच. ४८ आणि ०.६ तर विचारूच नका, तिथे दर दातामागे ०.२२ मिमी.

व्हर्नियरवाला

ताई, दंडवत. इतकं स्वच्छ मला मांडता आलं नसतं.

तरी ३२-०.८ बाबत माझं मत जरा कडक आहे. फिरतं, मान्य. पण स्परही पोलादी असेल आणि मोटर तगडी असेल तर मी दोन्ही एकाच पद्धतीचे घेतो. प्लास्टिक दबून सांभाळून घेतं, पोलाद घेत नाही. आधी आवाज वाढतो, मग दोन्ही झिजतात.

चक्रधारिणी

पोलाद-पोलादाला सहमत.

आता खटपट्यांचं "ई". १२ दाते, व्यास ७.३. सूत्राने ७.३ ÷ १४ = ०.५२१ येतं, म्हणजे ४८ पिच वाटतं. व्हर्नियरवाल्यांनी इथे हात आखडता घेतला ते योग्यच केलं, कारण हे बहुतेक ०.५ मॉड्यूलचं आहे.

कारण असं. नेहमीच्या २० अंशी दाबकोनाच्या (दात एकमेकांना ज्या कोनात ढकलतात त्या कोनाच्या) गिअरमध्ये १७ पेक्षा कमी दाते असले की कापताना हत्यार दाताच्या मुळाशी खाऊन जातं आणि दात बुंध्याशी बारीक होतो. ते टाळायला लहान पिनियनचे दाते मुद्दाम थोडे बाहेर सरकवून कापतात. मूळ मजबूत राहतं, पण बाहेरचा व्यास सूत्रापेक्षा जास्त भरतो. ०.५ मॉड्यूलच्या १२ दात्यांचा हिशेबी व्यास ७.० मिमी, सरकवला की सहज ७.३. आणि ७.३ ला १४ ने भागून येणारी संख्या नेमकी ४८ पिचच्या शेजारी जाऊन बसते. "दाते अधिक दोन" हे सूत्र लहान पिनियनवर असं फसवतं.

सरकवण्याचा परिणाम न होणारं एक माप आहे. कॅलिपरच्या जबड्यांची पातळ टोकं घ्या. आधी लगतच्या दोन दातांना बाहेरून कवेत घेऊन मोजा, मग तीन दातांना. जबडे दातांच्या कुशीला टेकले पाहिजेत, टोकांना नाही. दोन मापांची वजाबाकी म्हणजे त्या गिअरचं मूळ अंतर, आणि ते फक्त मॉड्यूल आणि दाबकोनावर ठरतं. २० अंश धरून:

०.४ मॉड्यूल: १.१८
०.५ मॉड्यूल: १.४८
४८ पिच: १.५६
०.६ मॉड्यूल: १.७७
३२ पिच: २.३४
०.८ मॉड्यूल: २.३६
१ मॉड्यूल: २.९५

६४ पिच १.१७ येतं, ०.४ पासून ते कॅलिपरने वेगळं काढायच्या फंदात पडू नका. ३२ आणि ०.८ चंही तेच. त्यांच्यासाठी मोठ्या स्परचा बाहेरचा व्यासच बरा: ५४ दात्यांना ३२ पिच ४४.४५ मिमी आणि ०.८ मॉड्यूल ४४.८ मिमी, हा फरक दिसतो.

स्परवर ही वजाबाकी करायची असेल तर दोन-तीन दातांनी भागत नाही, जबडे भलत्या जागी टेकतात. ७० दात्यांना आठ आणि नऊ दात घ्या.

वाचनमात्र

इतकी वर्षं आरसी चालवतोय, ही वजाबाकी आज कळली. धागा वाचनखुणेत.

खटपट्या

"ई": दोन दातांवर २.४०, तीन दातांवर ३.८८. वजाबाकी १.४८. ०.५ मॉड्यूल!

मजा म्हणून स्परवरही केलं. आठ आणि नऊ दातांत फरक १.७६ आला.

चक्रधारिणी

सुंदर. १.७७ च्या ऐवजी १.७६, याहून जास्त अचूक घरच्या कॅलिपरकडून मागू नये.

निवांत नट

भोकाकडेही लक्ष असू द्या, कधीकधी तिथेच निकाल लागतो. ५४० आणि ५५० आकाराच्या मोटरींचा शाफ्ट ३.१७५ मिमी, म्हणजे पाव इंचाचा निम्मा. ३६५० आकाराच्या ब्रशलेस (आत ब्रश नसलेल्या) मोटरचाही तोच. ३८० आकाराच्या मोटरींना बहुधा २.३ मिमी, त्याहून छोट्यांना २ मिमी. १/८ च्या गाड्यांतल्या मोठ्या ब्रशलेसला ५ मिमी, आणि १/५ च्या अवाढव्य गाड्यांत ८ मिमीही दिसतो. २ मिमी भोकाचं पिनियन हे १/१० च्या ५४० मोटरवरून आलेलं असूच शकत नाही, म्हणजे "ई" कुठल्यातरी छोट्या गाडीतून या डबीत येऊन पडलंय.

उलटंही होतं: माप जुळतं आणि भोक जुळत नाही. १ मॉड्यूलचं पिनियन मागवताना हा घोटाळा जास्त. आरमाची क्रेटन ६एस, ट्रॅक्ससची एक्स-मॅक्स, १/८ च्या बग्ग्या, सगळ्या १ मॉड्यूलच्या, पण शाफ्ट सगळीकडे एकच असेल असं गृहीत धरू नका. जाड शाफ्टवर बारीक भोक बसणारच नाही हे उघड. बारीक शाफ्टवर मोठं भोक स्लीव्ह घालून बसवतात, पण पिनियन जराही एका बाजूला गेलं की मेश दर फेऱ्याला आवळतो आणि सैल पडतो.

धुरळा

बरं, ०.५ आणि ४८ चं मागे घेतो. :) पण माझी बोटांची युक्ती तरी चालते ना? दोन्ही गिअर हातात धरायचे, एकमेकांत अडकवून फिरवायचे.

व्हर्नियरवाला

चालते, पण दोन-चार दातांवर समाधान मानायचं नाही. पिनियनचा एक पूर्ण फेरा स्परवरून हलक्या हाताने लोळव. माप चुकलं असेल तर बोटांना ठरावीक अंतराने गाठ लागते. जोरात दाबलंस तर प्लास्टिक दबतं आणि काहीच कळत नाही. दुसरी एक सोपी तपासणी: दोन्ही गिअर सपाट ठेवून त्यांचे दाते शेजारी-शेजारी, खाचेवर खाच येईल असे धरायचे आणि उजेडाकडे बघायचं. ०.६ आणि ४८ तीन दातांतच एकमेकांना सोडतात. वक्रता वेगळी असल्याने हे ढोबळच, पण रस्त्यावर असताना कॅलिपर कुणाच्या खिशात असतो?

झिजलेला गिअर मात्र या कशालाच प्रमाण धरू नका. टोकं घासली की व्यास कमी भरतो. खटपट्यांचं मोटरवरचं जुनं पिनियन मोजलं असतं तर काय आलं असतं कोण जाणे.

उडता टायर

आणि पिनियन मुळातच नसेल तर? एक चेसिस मिळतेय, स्पर आहे पण मोटरच्या जागी नुसती फिक्स भोकं.

व्हर्नियरवाला

मग तर सोपं. स्परचा मॉड्यूल वरच्या रीतीने काढा. मोटरच्या आणि स्परच्या मध्यांतलं अंतर मोजा. ते अंतर म्हणजे दोन्ही गिअरच्या दात्यांची बेरीज गुणिले मॉड्यूल, भागिले दोन. खटपट्यांच्याच जोडीवर बघा: ७० अधिक २२ म्हणजे ९२, गुणिले ०.६, भागिले २, म्हणजे २७.६ मिमी. मोटरची जागा पक्की असेल तर बेरीज बदलता येत नाही. ६८ चा स्पर घेतलात तर २४ चं पिनियन, असं. मोटर सरकवायला लांबट भोकं असतील तर अर्थात मोकळीक आहे.

खटपट्या

"आ" लावलं, गाडी छान पळाली. आता साहजिक पुढचा प्रश्न: जास्त वेग हवा असेल तर मोठं पिनियन लावायचं ना? किती मोठं?

निवांत नट

पिनियन मोठं केलं की वेग वाढतो आणि मोटर तापते, दोन्ही हातात हात घालून येतात. एकूण गुणोत्तर म्हणजे स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले डिफरन्शियलकडचं आतलं गुणोत्तर. टीटी-०२ चं आतलं २.६ आहे, म्हणजे ७० ÷ २२ × २.६ = ८.२७. चाक एकदा फिरायला मोटरचे इतके फेरे. २४ लावलंत तर ७.५८.

एकेक-दोनदोन दात वाढवा, पाच मिनिटं पळवा, मोटरचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. ब्रशलेसमध्ये मी ८० अंश सेल्सिअसला थांबतो, कारण साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा तिथेच आहे. त्यापुढे चुंबकाची ताकद कमी होते ती परत येत नाही. गवतावर किंवा चढावर चालवणार असाल तर उलट दात कमी करा.

चक्रधारिणी

अवांतर: शक्य असेल तर दोन्ही संख्यांना सामाईक भाजक नसलेली जोडी निवडा. ७०/२२ मध्ये २ सामाईक आहे, त्यामुळे स्परचा एखादा दात पिनियनच्या ठरावीक निम्म्या दातांनाच भेटत राहतो. ७०/२३ मध्ये प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. स्लॅश ४×४ ची ५४/१३ अशीच आहे. छंदाच्या गाडीत यावाचून काही अडत नाही, पण फुकटात मिळतंय तर घ्यावं.

व्हर्नियरवाला

भाजकापेक्षा मेश नीट लावणं शंभरपट महत्त्वाचं, असं माझं ठाम मत. छपाईच्या साध्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. कागदावर दातांच्या घड्या उमटाव्यात, फाटता कामा नये. मग स्पर थोडा-थोडा फिरवत चार-पाच ठिकाणी खेळ (दातांमधला सैलपणा) तपासा, कारण प्लास्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो. सगळ्यात घट्ट जागी किंचित खेळ राहिला पाहिजे. घट्ट मेश किंचाळतो आणि मोटरचं बेअरिंग खातो, सैल मेश पहिल्याच दणक्यात स्परचे दाते सोलतो. ६४ पिचला ही सगळी मोजमापं अजून नाजूक होतात, आणि एखादा खडा आत गेला तर खेळ खल्लास. म्हणून मातीत पळणाऱ्या गाडीला मी ६४ लावत नाही, त्याची जागा झाडलेल्या ट्रॅकवर.

खटपट्या

शेवटची अडचण. "अ" मोटरवरून काढलं तेव्हा निघालं, पण मित्राच्या दुसऱ्या मोटरवर एक पिनियन आहे त्याचा ग्रब स्क्रू (पिनियन शाफ्टवर घट्ट धरणारा छोटा स्क्रू) हलत नाही. अ‍ॅलन की आत फिरते, पकडत नाही.

निवांत नट

की कुठली वापरताय? मेट्रिक पिनियनमध्ये बहुधा एम३ (म्हणजे ३ मिमी जाडीचा, इथे मॉड्यूल नव्हे) ग्रब असतो, त्याला १.५ मिमीची की. इंची पिनियनमध्ये ४-४० असेल तर ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी, आणि ५-४० असेल तर १/१६ इंच, म्हणजे १.५९ मिमी. त्या शेवटच्यात १.५ ची की बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की कोपरे गोल करते. आधी १/१६ ची चांगल्या पोलादाची की घालून बघा.

तरी नाही पकडलं तर स्क्रू थ्रेडलॉकने (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात त्या गोंदाने) चिकटलेला असणार. मोठ्या टोकाचा सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, गरम असतानाच फिरवा. मोटर तापवू नका, फक्त स्क्रू.

व्हर्नियरवाला

आणि निघालाच तर तो स्क्रू परत वापरू नका. नवा लावताना शाफ्टच्या सपाट भागावर टेकेल असा बसवा आणि थ्रेडलॉकचा एक थेंब पुरे. पिनियन शाफ्टवर पुढे-मागे सरकवून त्याची पूर्ण रुंदी स्परवर येते का तेही तेव्हाच बघून घ्या.